लाल पैसा: कात्यायनीच्या उतारावरच्या प्रकल्प नोंदी

८ जून

काल मृग लागला आणि संध्याकाळी तासभर दणकून पाऊस पडला. आज सकाळी भाच्याला घेऊन कोल्हापूरजवळ, कळंब्याच्या पुढं, कात्यायनीच्या बाजूच्या उतारावर गेलो. गेलो होतो बेडकांचे आवाज रेकॉर्ड करायला. एकच बेडूक ओरडत होता, तोही लांब कुठंतरी. करंजाखालचा पाला पायानं सारला आणि भाचा ओरडला, "मामा, लाल पैसा!"

वाणीला, म्हणजे ओल्या पाल्यातल्या त्या पुष्कळ पायांच्या किड्याला, आमच्याकडं पैसाच म्हणतात. काडी लावली की गुंडाळी करून नाण्यासारखा पडून राहतो म्हणून. पण आजवर बघितलेले पैसे काळे नाहीतर काळपट तपकिरी. हा भाजलेल्या विटेच्या रंगाचा, दोन्ही बाजूंना कड्याकड्याला एकेक गडद ठिपका. सरळ झाल्यावर मोजला: ५.४ सेंटिमीटर. त्याच झाडाखाली, दोन पावलांच्या परिसरात, आणखी आठ निघाले.

चार डबीत घेतले, बाकी तिथंच. डबीत ओला पाला. तारीख, जागा आणि झाड डबीवरच लिहिलं. कागदाची चिठ्ठी आत टाकली असती तर रात्रीत खाल्ली असती.

११ जून

भाच्यानं फोनवरच्या ओळख सांगणाऱ्या ॲपला फोटो दाखवला. दोन सेकंदांत उत्तर: ट्रायगोनियुलस कोरॅलिनस. मूळ आग्नेय आशियातला, आता उष्ण कटिबंधात जवळपास सगळीकडं पोचलेला वाणी. भाच्याच्या लेखी प्रकल्प संपला. त्याला म्हटलं, ॲपनं काय बघितलं? लाल रंग आणि लांबट आकार. लाल शर्ट घातलेला माणूस दिसला म्हणून तो हमाल ठरतो का?

रंगावर का विसंबायचं नाही ते लिहून ठेवतो. नुकतीच कात टाकलेला वाणी फिकट असतो. पिल्लं मोठ्यांसारखी दिसत नाहीत. अल्कोहोलमध्ये ठेवला की लाल रंग हळूहळू उतरतो. आणि लाल वाणींच्या जाती जगात एकदोन नाहीत.

तेव्हा खालच्या पायरीपासून सुरुवात. गोम की वाणी, हा प्रश्न नाहीच. गोमेला कड्यागणिक पायांची एक जोडी, इथं बहुतेक कड्यांना दोन. मग गण. १० पटीच्या भिंगातून डोकं समोरून बघितलं: दोन स्पर्शिकांच्या मधून खाली ओठाकडं उतरणारी उभी रेघ, भांग पाडल्यासारखी. म्हणजे स्पायरोबोलिडा. आपल्याकडचे ते लांब काळे वाणी बरेचसे स्पायरोस्ट्रेप्टिडा या दुसऱ्या गणातले असतात, त्यांच्या डोक्यावर हा भांग असा ठळक दिसत नाही. शेजारच्या बागेतला एक काळा आणून दोघांची डोकी शेजारी ठेवली. फरक भाच्याला माझ्या आधी दिसला.

एवढ्यानं इतकंच कळलं की हा आपल्या काळ्या पैशाचा लाल भाऊ नाही. घराणंच वेगळं.

१७ जून

नर हवा. वाणींची जात बहुतेक वेळा नरावरूनच पक्की होते. नराच्या सातव्या कड्यावरच्या पायांचं समागमाच्या अवयवांत रूपांतर झालेलं असतं. त्यांना गोनोपोड म्हणतात आणि जातीगणिक त्यांची घडण वेगळी. मादी आणि पिल्लू कितीही सुंदर असलं तरी त्याच्यावर नाव ठरत नाही.

पण सातवं कडं मोजायचं कसं? डोक्यामागची कॉलर हे पहिलं कडं. तिला पाय नसतात, तरी मोजायची. भाच्यानं दोनदा ती सोडली आणि आठव्या कड्यावर पाय आहेत म्हणून जाहीर केलं. शेवटी युक्ती अशी: वाणी काचेच्या पट्टीवर सोडायचा, पट्टी डोक्यावर धरायची आणि खालून बघायचं. चालताना पायांची लाट सरकत जाते. नराच्या अंगाखाली पुढच्या भागात त्या लाटेत खिंडार दिसतं. पाय असायला हवेत तिथं नाहीत. ते खिंडार एकदा दिसलं की मोजायची गरज उरत नाही.

आज उतारावर १४ तपासले. ३ नर, ५ माद्या, बाकीचे बारके. कोवळ्या नरांत खिंडाराच्या जागी नुसते बारीक कोंब असतात. तसा एक निघाला, त्याला "होऊ घातलेला" असं लिहून सोडून दिलं.

बोटं पिवळी-तपकिरी झाली आहेत आणि साबणानं जात नाहीत. वाणी घाबरला की अंगाच्या बाजूच्या छिद्रांतून रस सोडतो. या गटात त्यात बेंझोक्विनोन असतात, तेच कातडीला रंगवतात. वास आयोडीनसारखा उग्र. शाळेत एका सहकाऱ्यानं विचारलं, कुणाच्या हळदीला गेला होता? डोळ्याला हात लावायचा नाही, हा नियम भाच्याला तीनदा सांगितला. चौथ्यांदा त्यानं मला सांगितला, कारण मीच चष्मा वर सारत होतो.

२३ जून

पाऊस. पेपर तपासणी. काही नाही.

३० जून

आज चूक झाली, ती लिहिलीच पाहिजे. अल्कोहोल मिळेना म्हणून पहिला नर घरातल्या सॅनिटायझरमध्ये टाकला. सॅनिटायझर जेलचा. चिकटा सगळ्या पायांत घुसला, धुवायला गेलो तर पुढची दहा कडी सुटून आली. एक नर फुकट गेला.

एका प्रयोगशाळेतून फॉर्मलिन देऊ केलं होतं. नको म्हटलं. वाणीच्या कवचात चुना असतो, जुनं आम्लधर्मी झालेलं फॉर्मलिन तो विरघळवतं, आणि पुढं कधी डीएनए बघायचा झाला तर तेही गेलं. ओळखीच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमनी दोन कुप्या भरून अल्कोहोल दिलं: एक ७० टक्क्यांचं, चिरफाडीसाठी, एक ९५ च्या वरचं, डीएनएसाठी. शिवाय रविवारी त्यांचा स्टिरिओ मायक्रोस्कोप वापरायची परवानगी. "चहा मात्र तुम्ही आणायचा," म्हणाल्या. आणला, सोबत खाजाही.

७ जुलै

पाच तास गेले. सातवं कडं दोन्हीकडून वेगळं करायचं, मग सुईनं आतली गोनोपोडची पेटी अलगद बाहेर ढकलायची. मॅडमनी पहिली काढून दाखवली, दुसरी मी काढली.

स्पायरोबोलिडात पुढची जोडी ढालीसारखी असते: मधोमध वर निमुळती होत गेलेली पाटी, दोन्ही कडांना उभ्या फळ्या, आणि या सगळ्याच्या आड मागची जोडी लपलेली. खरं काम मागच्या जोडीचं. पुढून बघितलं तर मंदिराचा दरवाजा लावून घेतल्यासारखं दिसतं. मागची जोडी बाहेर काढल्यावर तिचं टोक कसं वळतं, कुठं पातळ पापुद्र्यासारखं होतं, ते छापील आकृत्यांशी ताडून बघितलं. तीन आकृत्या, वेगवेगळ्या देशांतल्या नमुन्यांवरून काढलेल्या. तिन्हींशी जुळलं.

मॅडम लगेच हो म्हणाल्या नाहीत. दुसराही नर उघडायला लावला. एकाच नरावरून नाव दिलं की तो नेमका विचित्र निघतो, असं त्यांचं म्हणणं. दुसराही तसाच निघाला. मग वहीत लिहिलं: ट्रायगोनियुलस कोरॅलिनस, दोन प्रौढ नरांच्या गोनोपोडवरून.

ॲप बरोबर होतं, हे भाच्यानं जेवताना सगळ्या घराला सांगितलं.

एक गंमत मॅडमकडून कळली. वाणींमध्ये ज्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, सगळ्यात आधी वाचला गेला तो हाच, २०१५ साली. आणि इंग्रजीत या सगळ्या वाणींना मिलिपीड, म्हणजे हजार पायांचे म्हणतात, पण तेवढे पाय खरोखर असलेल्या वाणीचं वर्णन २०२१ मध्ये झालं, तो पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीखाली खोलवर सापडला होता: १,३०६ पाय. आमच्या लाल पैशाची कडी मी ५१ ते ५३ मोजली. पाय दोनशेच्या आसपास.

१४ जुलै

नाव मिळालं, पण पुढचा प्रश्न जास्त अवघड आहे. हा बाहेरचा आहे हे जातीच्या नावावरून कळलं. तो आपल्या रानात आला कसा, आणि ते रान तरी किती रान आहे?

नकाशा काढला. पंधरवड्यात १६ ठिकाणं धुंडाळायची, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, दोघांनी. आजपर्यंत ९ झाली.

माझा अंदाज होता की गुऱ्हाळाभोवती भरपूर सापडतील. चिपाडांचे जुने ढीग, ऊब, ओल, कुजकं खाद्य, वाणीला आणखी काय पाहिजे? दोन गुऱ्हाळघरांच्या मागं गुडघ्याएवढ्या ढिगात हात घातले. काळे पैसे ढिगानं, लाल एकही नाही. उसाच्या पाचटातही तेच. तिथं एका मामांनी बांधावरून विचारलं, "काय हुडकायलाय?" पैसे म्हटल्यावर म्हणाले, "आमच्या रानात पैसं असतं तर सोसायटीचं कर्ज भागलं असतं की."

लाल सापडले ते फक्त दोन जागी: आमचा तो उतार, आणि गावातली एक बाग, जिथं मागच्या वर्षी नवीन शोभेची झाडं लावली.

२१ जुलै

उताराखालच्या वस्तीत एक आजी भेटल्या, वय ऐंशीच्या पुढं. लाल पैसा तळहातावर घेऊन दाखवला. म्हणाल्या, "ह्ये नव्हतं आमच्या टायमाला. काळं होतं. पावसाळ्यात चुलीपतुर यायचं." सुनेचं म्हणणं वेगळं: "असायचं की, अत्यांना दिसत न्हाई आता." दोघींची वाक्यं जशीच्या तशी लिहून ठेवतो आहे, पुरावा म्हणून एकीचंही धरत नाही. पैशाचा रंग कोण लक्षात ठेवतो?

२८ जुलै

राजाराम बंधारा पाण्याखाली, रस्ते बंद, शाळेला सुट्टी. सात ठिकाणं राहिली आहेत.

घरात वाणी ठेवलेत त्या पेटीत मात्र हालचाल. मातीत मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या गोळ्या दिसल्या. एक फोडली, आत पांढरं अंडं. वाणींच्या बऱ्याच जातींत मादी एकेक अंडं चावलेल्या मातीच्या नाहीतर लेंडीच्या गोळीत बंद करते. बाहेरून बघितलं तर मातीचा खडाच. अंड्यातून पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याला पायांच्या तीनच जोड्या असतात, पुढं प्रत्येक कातीबरोबर कडी आणि पाय वाढत जातात.

ही गोळी भिंगाखाली धरल्यावर डोक्यात आलं, की कुणी कितीही काळजी घेतली तरी मातीतून ही निवडून काढणं शक्य नाही.

४ ऑगस्ट

नर्सरी. मालक काका चांगले निघाले, आधी संशयानं बघत होते, महापालिकेचा माणूस समजून. मग स्वतःच पिशव्या उचलून द्यायला लागले. रोपांच्या ४० पिशव्या उचलून खालची जमीन आणि पिशवीचा तळ बघितला. ११ पिशव्यांखाली लाल पैसे. त्यातल्या चार पिशव्यांत भोकांतून आत शिरलेले, मुळांच्या जाळीत गुंडाळी करून.

माती कुठली? तांबडी माती कोकणातून, शेणखत जवळचं, कोकोपीट गाडीनं येतं ते दक्षिणेतून, आणि काही रोपं तर तयारच परराज्यातून. काकांच्या सांगण्यात लपवाछपवी काहीच नव्हती. सगळ्या नर्सऱ्या अशाच चालतात. "किडा हाय का ह्यो? औषध मारू का?" विचारलं. नको म्हटलं. हा कुजका पाला आणि लाकूड खातो, रोपाचं जिवंत मूळ त्याचं खाणं नव्हे. खरिपात कोवळी रोपं कुरतडणारे वाणी वेगळे, त्यांच्यासाठी शेतकऱ्यांनी आरडाओरडा करणं रास्त आहे. पण मिरवणुकीत कुणीतरी दंगा केला म्हणून सगळ्यांनाच चोप द्यायचा नसतो.

याच नर्सरीत दुसरा एक निघाला: चपटा, काळपट, दोन्ही बाजूंना पिवळसर पंख काढल्यासारखी टोकं. कडी २०, म्हणजे पॉलिडेस्मिडा या आणखी एका गणातला प्रौढ. डबीत हलवल्यावर कडू बदामाचा वास आला. या गटातले वाणी रसात हायड्रोजन सायनाइड सोडतात, हे ऐकून भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नर मिळाला नाही, म्हणून नाव देत नाही, कुळावर थांबलो: पॅराडॉक्सोसोमॅटिडी. याच कुळातली एक जात अशीच कुंड्यांतून जगभर फिरली आहे. तिचं वर्णन १८६० मध्ये झालं ते दक्षिण अमेरिकेतल्या केयेनच्या नमुन्यावरून, आणि ती आहे मूळची आग्नेय आशियातली. पहिल्यांदा जिथं सापडला तेच त्याचं माहेर, हा हिशेब वाणींच्या बाबतीत चालत नाही. आणि आपणही काही कमी नाही. दक्षिण भारत-श्रीलंकेकडची या कुळातली एक जात आता उष्ण प्रदेशांत सगळीकडं पसरलेली आहे. तिकडं कुणीतरी आपल्या वाणीला बाहेरचा म्हणून वहीत लिहीत असेल.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन, मग वृक्षारोपण. शाळेनं ४० रोपं मागवली होती, पिशव्यांतली. भाषणं चालू असताना मी मागं उकिडवा बसून पिशव्यांचे तळ बघत होतो. मुख्याध्यापक नाराज. दोन पिशव्यांत लाल.

भाषणात कुणीतरी म्हणालं, तीन वर्षांपूर्वी आपण कात्यायनीच्या उतारावर ६० रोपं लावली होती.

विसरलो नव्हतो मी. त्या कार्यक्रमाचं नियोजन माझ्याकडंच होतं. पण ८ जूनला ज्या करंजाखाली पहिला लाल पैसा सापडला, तो करंज आम्हीच लावला असेल हे आज ते वाक्य ऐकेपर्यंत सुचलं नव्हतं. झाड आता डोक्याच्या वर गेलंय, आजूबाजूला घाणेरी माजली आहे, रानातलंच वाटतं. घरी येऊन जुने फोटो काढले. एका फोटोत मी रिकाम्या पिशव्या हातात धरून हसतोय, आणि पिशवीतली माती खड्ड्यात झटकून टाकलेली.

१८ ऑगस्ट

उतारावर टेप घेऊन गेलो. ६० पैकी ३७ झाडं जगलेली सापडली. प्रत्येकाखाली शोधलं आणि मग प्रत्येकापासून लांब जात शोधलं. ३७ पैकी २२ झाडांखाली लाल पैसे. जवळच्या लावलेल्या झाडापासून सगळ्यात लांबचा ९ मीटरवर. त्याच्या पलीकडं, मूळच्या आपटा-करवंदीच्या भागात, दोन तास घालवून एकही लाल नाही, काळे सहा.

आधीच्या नोंदींत मी "रानात सापडला" असं लिहिलं आहे. खोडत नाही, पण समासात आजची तारीख घालून शेरा मारला: लागवडीत सापडला.

१ सप्टेंबर

पन्हाळ्याच्या वाटेवर एक दिवस, राधानगरीकडं एक दिवस. राधानगरीत फक्त रस्त्याकडेला बघणं आणि फोटो. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलायचं नाही. गवा नाही दिसला, त्याचं शेण दिसलं आणि त्यात काळे पैसे. लाल कुठंच नाही. दोन दिवसांच्या शोधावर तिथं तो नाहीच असं म्हणता येणार नाही, म्हणून तक्त्यात "नाही" ऐवजी "दिसला नाही, २ माणसं, ५ तास" असं लिहिलंय. मॅडमनी हे वाचून पहिल्यांदा शाबासकी दिली.

पन्हाळ्यावर एका हॉटेलच्या कुंड्यांत मात्र तीन लाल. कुंड्या खालून, कोल्हापुरातून गेलेल्या.

१५ सप्टेंबर

कुप्या आणि चिठ्ठ्या तयार. चिठ्ठी पेन्सिलीनं, शाई अल्कोहोलमध्ये पसरते. एका चिठ्ठीचा मजकूर: करवीर तालुका, कात्यायनी बाजूचा उतार, लावलेला करंज (वय ३ वर्षं), पाल्याखाली, ८ जून, नर १. "लावलेला" हा शब्द मॅडमनी आठही कुप्यांवर घालायला लावला. एका नराचे दोन पाय डीएनएच्या कुपीत.

शाळेच्या पुढच्या लागवडीसाठी मुख्याध्यापकांना अर्ज दिला: रोपं आपणच बियांपासून, याच उतारावरच्या झाडांच्या बियांपासून आणि इथल्याच मातीत करावीत. वर "बघू" असं लिहून परत आलाय.

२९ सप्टेंबर

शेवटची फेरी, पाऊस ओसरल्यामुळं. आखलेल्या जागांवर ठरलेलं मोजमाप केलं, जूनपेक्षा कमी निघाले, तेही ओलाव्याला खोल गेलेले. परत येताना भाचा ओढ्याच्या पलीकडं लघवीला गेला आणि तिथून हाक मारली. कुजक्या पांगाऱ्याच्या ओंडक्याखाली एक लाल पैसा. लावलेल्या झाडापासून टेपनं ३१ मीटर, मध्ये ओढा. पट्टीवर घेऊन खालून बघितलं. खिंडार नव्हतं. मादी, ५.९ सेंटिमीटर. ओंडक्याखालची माती चाळली तर गोळ्या निघाल्या, ७.